चारचा आकडा

मॅगझिन सेक्रेटरी गेले पंधरा दिवस मेसमध्ये माझ्या ताटासमोर येऊन बसतोय. "मराठी विभागाला लेख कमी पडतायत, तू दे." मी पडलो कॉन्व्हेंटवाला. शाळेत मराठीच्या बाई माझ्या वहीत लाल रेघा मारून थकायच्या. पण जे सांगायचंय ते सगळं बोलणं मराठीत झालंय, इंग्रजीत लिहिलं तर खोटं वाटेल. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या खात्यावर!

माझा रूम पार्टनर गोळाफेक करतो. ७.२६ किलोचा लोखंडी गोळा आमच्या कॉटखाली असतो आणि रात्री लाइट गेले की कोणाचा तरी अंगठा त्यावर आपटतोच. गेल्या सेमला निवड चाचणीत तो थोडक्यात हुकला. मग जिममधल्या कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं की टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे, आणि घाबरू नको, काही लोकांच्या लघवीत ते दिसतच नाही.

"खरंच असं असतं का रे?" त्याने मला विचारलं.

पीएलमध्ये अभ्यास सोडून काहीही वाचायला मला आवडतं. दोन रात्री वाचलं आणि तिसऱ्या रात्री प्रोफेसरच्या थाटात त्याला शिकवायला बसलो.

टेस्टोस्टेरॉन आपलं शरीर स्वतःच बनवतं. त्यामुळे ते सापडलं म्हणजे चोर सापडला असं होत नाही. म्हणून लघवीत त्याच्यासारखंच एपिटेस्टोस्टेरॉन किती आहे तेही मोजतात आणि भागाकार करतात. बहुतेकांचं उत्तर एकच्या आसपास येतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की वरचा आकडा वाढतो, खालचा वाढत नाही. १९८०च्या दशकात ऑलिंपिक समितीने ६ ही मर्यादा ठरवली, २००५ मध्ये ती ४ वर आली. त्याच्या वर गेलात की संशयित.

आता गंमत बघा. टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसं विरघळत नाही. यूजीटी२बी१७ नावाचं एन्झाइम त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची शेपटी जोडतं, तेव्हा कुठे ते लघवीतून बाहेर पडतं. या एन्झाइमच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. पण काहींकडे एकच असते आणि काहींकडे एकही नाही. माणूस ठणठणीत असतो, फक्त त्याच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन अगदी कमी उतरतं. एपिटेस्टोस्टेरॉनचा रस्ता वेगळा, ते नेहमीसारखं येतं. म्हणजे भागाकार मुळातच छोटा. २००६ च्या एका अभ्यासात असे बिनप्रतीचे पुरुष स्वीडनमध्ये सुमारे ९ टक्के निघाले आणि कोरियात सुमारे ६७ टक्के!

२००८ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लोकांनी ५५ निरोगी पुरुषांना प्रत्येकी ५०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं आणि पंधरा दिवस लघवी तपासली. बिनप्रतीवाल्यांपैकी ४० टक्के लोक एकदाही चारपर्यंत पोचले नाहीत. औषध अंगात, कागदावर स्वच्छ.

हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं आणि पार्टनर उठून बसला. "म्हणजे मी त्यातला असेन तर?"

माझी बोलतीच बंद. जिमवाल्याने नुसती थाप मारली होती, मी तिला आकडेवारी पुरवली होती.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा. सेकंड इयरला आमच्या बॅचने सगळ्या सेन्सर्सना एकच रेफरन्स लावून रीडिंग घेतली, तेव्हा सरांनी जर्नल परत फेकलं होतं. म्हणाले, प्रत्येकाचा झीरो वेगळा, आधी तो बघा. इथेही तेच झालं होतं. एखाद्या प्रामाणिक खेळाडूचा आकडा जन्मतःच चारच्या वर, तो बिचारा खुलासे देत बसणार. आणि दुसरा इंजेक्शन घेऊन चारच्या खाली आरामात. एकच नियम सगळ्यांना लावला म्हणजे न्याय झाला, असं मला तोपर्यंत वाटायचं.

सुदैवाने वाचलेलं अजून संपलं नव्हतं. घाईघाईने पुढचं सांगितलं. २०१४ पासून खेळाडूच्या पासपोर्टमध्ये हे आकडे नोंदवतात आणि ज्याची त्याची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी करतात. ज्याचा नेहमीचा आकडा ०.१ तो अचानक १ वर गेला, तर चारच्या खाली असूनही घंटा वाजते. शिवाय कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, त्यात कार्बन-१३ कमी असतो. तो मोजला की जनुक कुठलंही असो, बाहेरचा माल ओळखू येतो. ही चाचणी महाग, त्यामुळे सरसकट करत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी त्याला सांगितलं नाही. इथे छापून येतंय, तेव्हा आता वाचेलच.

तो बराच वेळ छताकडे बघत होता. मग म्हणाला, "निवडीत जो पहिला आला ना, त्याच्याकडे किती प्रती असतील रे?"

"झोप आता," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पहाटे साडेपाचला जाग आली तेव्हा तो कॉटखाली वाकून गोळा ओढत होता. मी विचारलं, "काय ठरलं?"

"उठतोस का? टेप धरायला कोणीतरी पाहिजे."

थंडी मरणाची होती. गेलो.