बार्टन हॉल, ८ मे १९७७

शनिवारी रात्री डिप्लॉयमेंट होतं. बिल्ड एकदा चालू झालं की आपल्याला काही काम नसतं, नुसतं स्क्रीनकडे बघत बसायचं. अशा वेळी मी हेडफोन लावून एकच कॉन्सर्ट ऐकतो. ग्रेटफुल डेड, कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा बार्टन हॉल, ८ मे १९७७. मे महिना असून बाहेर बर्फ पडत होता म्हणे. माझ्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीची गोष्ट, त्यामुळे "थोडक्यात हुकली" असं म्हणायचीही सोय नाही :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेडवाले म्हणजे जॅम बँड या जमातीचे मूळपुरुष. गाणं तीन-चार कडव्यांचंच, पण मध्येच ते सोडून सगळे मिळून वाट फुटेल तिकडे जाणार. रोज वेगळं. त्यामुळे यांचे चाहते अल्बमपेक्षा तारखा पाठ करतात, आणि त्यातली सगळ्यात गाजलेली तारीख ही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीतसुद्धा ती आहे. आता एवढं डोक्यावर घेतलेलं काही दिसलं की आपल्यातला टेस्टर जागा होतो. खरंच एवढं आहे का?

पहिला सेट चांगला आहे, बस. शेवटचं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' तेवढं वेगळं. डिस्कोचा थाट, पण गार्सियाची गिटार त्यात मस्त हुंदडून येते.

खरी कॉन्सर्ट दुसऱ्या सेटमध्ये. 'स्कार्लेट बिगोनियाज' आणि त्यातूनच निघणारं 'फायर ऑन द माउंटन', मिळून पंचवीसेक मिनिटं. पहिलं कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं ते मला इतक्या वेळा ऐकूनही बोट ठेवून सांगता येत नाही. 'फायर' तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं होतं, मार्चमध्ये पहिल्यांदा वाजलेलं. दोनच कॉर्ड्स! एवढ्या भांडवलावर गार्सिया एकेक फ्रेज घेऊन ती वळवतो, परत आणतो, आणि खाली फिल लेशचा बेस स्वतंत्रच काहीतरी बोलत असतो. कुणालाही घाई नाही. मला हेच आवडतं.

मध्यंतरी घरी हे स्पीकरवर लावलं होतं. बाबा दरवर्षी 'सवाई'ला जाणारे, माझ्या गाण्यांना "तुझा कल्ला" म्हणणारे. पेपर वाचत बसले होते. 'एस्टिमेटेड प्रॉफेट' लागलं तसा त्यांचा हात गुडघ्यावर पडायला लागला.

"हे सातात आहे काय रे?"

"हो बाबा. यांचा एक ड्रमर, मिकी हार्ट, अल्लारखाँसाहेबांकडे शिकलाय."

"तरीच." मग थोड्या वेळाने, "रेकॉर्डिंग कोणी केलंय? प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतंय."

अल्लारखाँचं नाव काढून मी भाव खाल्ला होता, पण खरा प्रश्न बाबांनी विचारला. रेकॉर्डिंग बेटी कँटर-जॅक्सन या बाईंचं. हॉलमध्ये लोकांना जे ऐकू जात होतं त्यापासून वेगळं मिक्स त्या टेपवर घेत. पुढे त्यांच्या टेप्स भाड्याच्या गोदामात पडून राहिल्या, भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये चक्क लिलाव झाला. तिथून कॉपीची कॉपी होत त्या चाहत्यांमध्ये फिरल्या. मूळ टेप्स परत येऊन कॉर्नेलचा अधिकृत अल्बम निघायला २०१७ उजाडलं.

तर माझं मत असं, की त्या मे महिन्यात बँड जवळजवळ रोजच असा वाजवत होता. या तारखेला मोठं केलं ते निम्मं त्या टेपने. माझ्या एका डेडहेड मित्राला हे सांगितलं तर तो दोन दिवस बोलला नाही. बोलू दे न बोलू दे. 'नॉट फेड अवे' रेंगाळलंय, हेही त्याला सांगून टाकलं.

पण 'मॉर्निंग ड्यू'बद्दल मी वाद घालत नाही. सुरुवातीला गार्सिया जेमतेम पुटपुटल्यासारखा गातो. शेवटी गिटारच्या तारांवर असा झपाझप हात चालवतो की दोन्ही ड्रमर त्याच्यामागे धावतात, आणि आता काहीतरी तुटणार असं वाटत असतानाच ते उतरतं. इथे टेपबिप काही नाही, हे त्या माणसाचं आहे. शनिवारी बिल्ड फेल होऊन वीस मिनिटं झाली होती, मला पत्ताच नाही.

त्यानंतर एन्कोअरला 'वन मोअर सॅटरडे नाइट' आहे, तेही रविवारी! ते मी ऐकत नाही.