'अक्का' मूळची कोणाची?

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात शब्दांची व्युत्पत्ती हा केवळ विद्वानांचा विषय राहिलेला नाही. आमच्या घरी थोरल्या बहिणीला 'अक्का' म्हणतात. सीमाप्रश्नाची चर्चा निघाली की मला हमखास ऐकावे लागते, "अक्का, अण्णा, अप्पा म्हणणारे तुम्ही मूळचे कानडीच!" त्यावर आपल्यापैकी काहीजण 'अक्का' हा शब्द संस्कृत असल्याचे ठासून सांगतात. दोन्ही दावे तपासून पाहिले पाहिजेत.

संस्कृतात 'अक्का' आहे, हे खरे. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्तीत 'हे अक्क' असे संबोधन येते. पण तेथे अर्थ आहे आई. कन्नड, तेलुगू आणि तमिळमध्ये मात्र अक्का म्हणजे थोरली बहीण. बाराव्या शतकातील अक्कमहादेवीच्या नावातही तोच आदर आहे. आपला अर्थ या शेजाऱ्यांशी जुळतो, शिवाय अण्णा आणि अप्पा हे सोबतीही त्याच घरचे आहेत. तेव्हा हा शब्द मराठीने कन्नडकडून घेतला, असे मानणेच सयुक्तिक आहे.

केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून मात्र चालत नाही. उझबेक भाषेत 'अका' म्हणजे थोरला भाऊ. कॉकेशसमधील जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. शेजारच्या तुर्कीत 'देदे' म्हणजे आजोबा, तर आपला 'दादा' थोरला भाऊ. एवढ्यावरून निपाणीकरांचे मूळ कोणी ताश्कंदात शोधणार नाही. तान्ह्या मुलाच्या तोंडून सहज निघणाऱ्या ध्वनींना घरातील माणसे नात्याचा अर्थ देतात, म्हणून जगभर असे शब्द सारखे भासतात, हे रोमान याकोबसन यांनी 'मामा-पापा' या शब्दांच्या संदर्भात दाखवले आहे.

आता मूळ प्रश्न. शब्द उसना घेतल्याने बोलणाऱ्याची भाषा बदलते काय? 'सरकार' आणि 'जमीन' हे फारसी शब्द मराठीत आहेत, तसे कन्नडमध्येही आहेत. म्हणून कोणी इराणी ठरला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासूनची आपली मागणी खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा यांवर उभी आहे. तिला 'अक्का'च्या जन्मदाखल्याची गरज नाही. हा मुद्दा पुन्हा कोणी काढल्यास शब्द कन्नडमधून आल्याचे मोकळेपणाने मान्य करावे आणि त्या गावात आज मराठी बोलणारे किती आहेत, एवढेच विचारावे.