अक्कलकोट रोडवरची अंगठी

सोलापूरहून अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणाऱ्या भगिनी काही थोड्याथोडक्या नाहीत. गुरुवारी तर गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. पण शहर मागे पडता पडता रस्त्याला जी एमआयडीसी लागते, तिच्याकडे खिडकीतून कुणी फारसं पाहत नाही. आणि पाहण्यासारखं वरवर असतं तरी काय? पत्र्याची छपरं, सुताच्या गाठोड्यांनी भरलेले टेंपो, चहाच्या टपऱ्या, आणि भिंतीआडून येणारा यंत्रमागांचा तो न थांबणारा खडखडाट. मात्र आपल्या न्हाणीघरातला टॉवेल आणि पाहुणे आले की कपाटातून निघणारी चादर, या दोघींचं माहेर बऱ्याचदा याच पत्र्याखाली असतं.

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 साली उभी राहिली. 'जुनी मिल' म्हणून तिचं नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथं हातमाग मांडले, पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, पण माग राहिले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना 2005-06 या वर्षात भौगोलिक मानांकन मिळालं. या वसाहतीने दुःखही पाहिलं आहे. 18 मे 2025 च्या पहाटे इथल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्यात मालकाच्या घरातली माणसं होती, कामगार होते. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असण्याची ही किंमत. टॉवेल हातात घेताना एवढं तरी आपण मनात ठेवावं.

माझ्या वन्सं सोलापूरला दिलेल्या. त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात आम्ही दोघी गेलो होतो. मला पाहायचं होतं, चादरीवर मोर उमटतो कसा?

मोर उमटतो तो मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जॅकार्डमुळे. फ्रान्समधल्या लियाँ गावच्या जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या दोऱ्याने एकमेकींना बांधून माळ करायची. माळ यंत्रात फिरते. जिथे भोक असेल तिथला आकडा उभा धागा उचलतो, जिथे नसेल तिथला धागा खाली राहतो. मोराची नक्षी म्हणजे मोराच्या भोकांची माळ! ती उतरवून कमळाची चढवली, की त्याच मागावर, त्याच सुतात कमळ. माग तोच, धागे तेच, कारागीरही तोच. बदलतो तो फक्त वरचा साज. आता पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यांऐवजी संगणकावरून नक्षी देतात, पण तत्त्व बदललेलं नाही.

तिथल्या मास्तरांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. एका मागासाठी केलेली माळ शेजारच्या मागावरही चालते. अट एकच, दोन्ही जॅकार्डांचं माप एक हवं. आकड्यांची संख्या आणि भोकांमधलं अंतर जुळलं, की झालं. माप चुकलं तर मोर कितीही सुरेख असो, तो शेजाऱ्याच्या काही कामाचा नाही.

मागाच्या खोलीतून आम्ही शिवणाच्या खोलीत आलो. इथं बहुतेक बायकाच. टॉवेलच्या कडा दुमडून शिवायच्या, लोंबते धागे कापायचे, एकेक नग उजेडात धरून तपासायचा आणि घडी घालायची. बोलणं अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. माझी नजर गेली ती त्यांच्या हातांकडे. हिरव्या बांगड्या होत्या, पण अंगठी एकीच्याही बोटात दिसेना. तशी एकीच्या बोटावर मात्र अंगठीचा पांढुरका वण होता.

"अंगठी काढून ठेवली वाटतं?" मी विचारलं.

"तर काय ओ अक्का! घातली की फंदा ओढतोय बघा," ती म्हणाली. "एक फंदा ओढला की टॉवेल सेकंडात गेला."

टेरी टॉवेलवर जे बारीक बारीक फंदे असतात, ते विणतानाच उभे राहतात. त्यासाठी मागावर ताण्याचे दोन रूळ असतात. एकावरचे धागे ताठ, दुसऱ्यावरचे सैल. आडवे दोन धागे थोडे दूर राखून टाकतात आणि तिसऱ्याबरोबर फणी तिघांनाही एकदम पुढे ढकलते, तेव्हा सैल धाग्याचा फंदा उभा राहतो. त्याला गाठ नसते. अंगठीच्या खड्याला धरणारी नखी त्यात अडकली, की फंदा लांब ओढला जातो आणि शेजारचे गायब होतात. (घरी असं झालं तर ओढून तोडू नका, कात्रीने वरचा भाग फंद्यांच्या बरोबरीने कापा. टॉवेल उसवत नाही.)

आणि नुकसान टॉवेलचंच होतं असंही नाही. चालत्या यंत्रात अंगठी अडकली तर बोट जायला क्षण लागत नाही. म्हणून मागाजवळ अंगठी नको म्हणजे नकोच. साधी नको आणि जडावाची तर मुळीच नको. यात तडजोड नाही.

त्या बाईची अंगठी पदराच्या गाठीत होती. तिने सोडून दाखवली. जुन्या घडणीची, वर गोल लाल खडा. तिच्या आईची. आईने विड्या वळून, पै पै साठवून केलेली. बाईला दोन मुली. थोरलीचं लग्न ठरलेलं, धाकटी अजून शिकतेय. "थोरलीला दिली तर धाकटी रुसते, धाकटीला ठेवली तर थोरली बोलत नाही, नुसती बघते," ती म्हणाली. "मोडून दोघींना सारखं सोनं द्यावं म्हणते मी. पण मग आईचं काय राहिलं?"

या प्रश्नाला टॉवेल तपासता तपासता उत्तर मिळणार नव्हतं. पण मास्तरांची ती माळ माझ्या डोक्यात फिरत होती. माप एक असेल तर एकाची नक्षी दुसऱ्याच्या मागावर चालते. मग एकीचा खडा दुसरीच्या वेढ्यावर का चालू नये?

भगिनींनो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. कानातल्या कुडीला मागून फिरकी असते, ती आट्यांवरच बसते. सणाला त्याच कुडीखाली झुबे अडकवतो आणि संध्याकाळी उतरवून ठेवतो. पेचाची पाटली आपण पेच उघडून घालतो. कोल्हापुरी साजाची पानं सुटी घडवून मग ओवतात. दशावतारांची दहा, अष्टमंगळाची आठ, माणकाचं एक, पाचूचं एक आणि एक ताईत, अशी एकवीस! मध्यंतरी बांगडीवजा घड्याळ निघालं होतं, सोबत डबीत रंगीत चकत्या. साडी बदलली की चकती बदलायची. आठवतं ना? तीच युक्ती अंगठीला लावायची, इतकंच.

वन्सं आणि मी त्या मायलेकींना घेऊन रविवारी सराफ बाजारातल्या एका वृद्ध सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी अंगठी भिंगाखाली धरली, खडा बोटाने दाबून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खडा गोल आहे ना? मग जमेल."

गोलाचं महत्त्व त्यांनी समजावलं. आट्यांवर फिरवून बसवायचा खडा फिरत फिरत जिथे घट्ट होतो, तिथेच थांबतो. खडा लांबट असेल तर एका वेढ्यावर तो बोटाच्या रेषेत थांबेल आणि दुसऱ्यावर आडवा. दोन वेढ्यांवर तो नेमका सारखा थांबवणं फार कठीण. गोलाला उभं-आडवं नसतंच.

मग बेत ठरला तो असा. खडा जुन्याच कोंदणात ठेवायचा, आईच्या हातचं ते तसंच राहू द्यायचं. कोंदणाखाली आटे पाडलेली एक लहान काडी जोडायची. जुन्या अंगठीचं वळं ते थोरलीचं वेढं. धाकटीचं वेढं सध्या चांदीचं करायचं. सोन्याचा आजचा भाव पाहता दुसरं सोनं कुठून आणायचं? पुढे ती कमावती झाली की सोन्याचं करील. दोन्ही वेढ्यांच्या माथ्यावर आट्यांचं एकाच मापाचं घर. आणि खडा एकीकडे असेल तेव्हा दुसरीच्या वेढ्यावर भोक उघडं दिसू नये, म्हणून एक चपटी टिकली. ती वेढ्याशी इतकी सपाट बसवायची की बोट फिरवलं तरी कळू नये. रोजची टिकली, सणाचा खडा!

काकांनी एक गोष्ट बजावली. दोन्ही वेढी, काडी आणि टिकली एकाच हातून, एकाच हत्याराने, एकाच बैठकीत व्हायला हवी. आज एक इथे केलं आणि दोन वर्षांनी दुसरं दुसरीकडे, तर आटे जुळतीलच असं नाही. पुन्हा मास्तरांच्या जॅकार्डचीच गोष्ट की नाही?

आणखी एक सोय आपोआप झाली. थोरलीचं बोट बारीक, धाकटीचं भरलेलं. एकच अंगठी असती तर ती दर वेळी एकीला सैल आणि दुसरीला घट्ट. आता वेढं ज्याच्या त्याच्या बोटाचं. खड्याला बोटाशी देणंघेणं नाही.

आपल्यापैकी कुणाला अशी अंगठी करून घ्यायची असेल, तर त्या दुकानात बसून टिपून घेतलेल्या चार गोष्टी इथे देते.

बावीस कॅरटचं सोनं म्हणजे शंभरात सुमारे 91.6 भाग शुद्ध. ते मऊ असतं. आटे वारंवार फिरले की झिजतात. म्हणून काडी अठरा कॅरटची, म्हणजे 75 भाग सोन्याची घ्यावी. ती अधिक टणक. दोन्हींचं वजन आणि कस पावतीवर वेगवेगळा लिहून घ्या. खड्याचं वजन सोन्यात धरू देऊ नका. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे, पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला ती सक्ती लागू नाही. सुटी टिकली किंवा सुटा खडा नेमका त्यातच बसतो. तेव्हा अशा लहान भागाची पावती जपून ठेवा.

बोटाचं माप सकाळी गार पाण्यात हात घालून आल्याबरोबर देऊ नका. उन्हाळ्यात आणि संध्याकाळी बोटं थोडी फुगतात. दोन-तीन वेळा माप घेऊन मधलं धरावं आणि वेढं पेरावरून निघतंय ना, ते पाहावं.

लोहचुंबकाने चिकटणारे खडेही मिळतात. दिसायला गंमत, पण धक्का लागला की निसटतात आणि लोखंडाचा कीस ओढून घेतात. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसवला आहे त्यांनी तर चुंबक अंगाजवळ नेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. आपली जुनी फिरकी बरी.

आणि स्वयंपाकघरात खडा उतरवावाच. कणकेचे कण कोंदणात बसतात, ते टाचणीने उकरताना नख्या सैल होतात. मोती आणि पोवळं यांना तर लिंबू-चिंचेची आंबटाई चालत नाही. खडा काढताना मोरीच्या किंवा बेसिनच्या वर उभं राहू नये. पलंगावर कापड पसरून बसावं. डबीत प्रत्येक भागाला वेगळा कप्पा हवा, नाहीतर एकमेकांवर घासून ओरखडे पडतात. घालताना दर वेळी बोटाने हलवून पाहावं; खडा जरा जरी डुलला तर त्याच दिवशी सोनाराकडे न्यावा.

वन्संचं परवा पत्र आलं. थोरली सासरी गेली ती टिकलीचं वेढं घालून. लग्नात तिच्या बोटात खडा होता, पाठवणीच्या वेळी तिने तो स्वतः फिरवून काढला आणि धाकटीच्या वेढ्यावर बसवला. आता संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला ती माहेरी येईल तेव्हा खडा पुन्हा तिच्याकडे. नेमकं किती दिवस कुणाकडे, यावरून दोघी भांडतात म्हणे. भांडेनात बापड्या! त्या भांडणासाठी तरी दोघींना एकमेकींकडे जावं लागेल. वाटणी केली की येणं-जाणं संपतं, हे आपण किती घरांतून पाहिलं आहे.

अक्कलकोटला जाताना ती पत्र्याची छपरं दिसली, की खिडकीची काच जरा खाली करा. खडखडाट ऐकू येईल. आत कुणाची तरी मोराची माळ उतरून कमळाची चढत असेल आणि शिवणाच्या खोलीत कुणीतरी पदराची गाठ चाचपून पाहत असेल.