रॉचडेलची नगरसभा आणि आमच्या कन्येचें मत

एखाद्या गांवाची ओळख त्याच्या देवळांवरून करून घ्यावी कीं बाजारावरून, हा वाद फार जुना आहे. आमच्या मतें ती त्याच्या नगरसभेच्या जमाखर्चावरून करून घ्यावी. गांव कशाला भितें, कशाचा अभिमान बाळगतें आणि कोणाला विसरतें, हीं तिन्ही गुपितें त्या रुक्ष आंकड्यांत आपोआप उघडीं पडतात. लंडन, ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड यांचीं प्रवासवर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. परंतु ज्या इंग्लंडच्या सुतानें एके काळीं आपल्याकडील माग बंद पाडले, त्या इंग्लंडकडे आपले प्रवासी सहसा फिरकत नाहींत. सन २०२४ च्या वसंत ऋतूंत कन्या व जामात यांच्या बिऱ्हाडीं कांहीं महिने राहण्याचा योग आल्यामुळें तशा एका गांवाचा आम्हां उभयतांस जवळून परिचय झाला. त्या गांवाचें नांव रॉचडेल.

मॅंचेस्टरच्या ईशान्येस सुमारें सोळा किलोमीटरांवर, पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशीं हें गांव वसलें आहे. याच नांवाच्या महानगरी विभागाचें क्षेत्रफळ सुमारें १५८ चौरस किलोमीटर असून सन २०२१ च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या सुमारें २ लक्ष २४ हजार भरली. पूर्वेस यॉर्कशायरची हद्द, उत्तरेस रॉसेंडेल, पश्चिमेस बरी, दक्षिणेस ओल्डहॅम व खुद्द मॅंचेस्टर. पूर्वसीमेवरील ब्लॅकस्टोन एज हा खडकाळ कडा ४७२ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढें तो टेकाडच म्हणावा लागेल! परंतु पश्चिम समुद्रावरून येणारे ढग अडविण्यास तो पुरेसा आहे. या अडलेल्या ढगांतच गांवाचें भाग्य सांठविलेलें होतें. दमट हवेंत सुताचा धागा तुटत नाहीं. डोंगरांतून उतरणारें पाणी मृदु असल्यामुळें धुण्यास व रंगविण्यास सोयीचें. आणि जमिनीखालीं दगडी कोळसा. सृष्टीनें एवढी सामुग्री एकाच ठिकाणीं मांडून ठेवल्यावर गिरण्या निघाल्या यांत नवल तें कोणतें? सन १८०४ मध्यें डोंगर ओलांडणारा रॉचडेल कालवा पुरा झाला, सन १८४१ मध्यें समिटच्या बोगद्यांतून आगगाडी धांवूं लागली, आणि लोकरीच्या फ्लॅनेलसाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव पाहतां पाहतां कापसाचें गांव झालें.

गांवांतून वाहणाऱ्या रॉच नदीची हकीकत मोठी बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती भर वस्तींत फरशीखालीं झांकून टाकण्यांत आली. पुढें शंभर वर्षांनीं, सन २०१६ मध्यें, नगरसभेनेंच ती पुनः उघडी केली, आणि तिच्यावरील मध्ययुगीन पूल लोकांच्या दृष्टीस पडला. त्याच्या आदल्याच वर्षीं, २६ डिसेंबर १९०० नव्हे, तर अगदीं आपल्या काळांतील २६ डिसेंबर २०१५ रोजीं, तिच्या पुरानें घरें व दुकानें पाण्याखालीं गेलीं होतीं. नदीला झांकल्यानें नदी नाहींशी होत नाहीं, एवढा धडा त्या गांवानें घेतला.

आतां तेथील राज्यकारभाराकडे वळूं. सन १९७२ च्या कायद्यान्वयें १ एप्रिल १९७४ रोजीं रॉचडेल, हेवूड, मिडलटन, लिटलबरो, मिलनरो व वॉर्डल अशा सहा स्वतंत्र कारभारांचें एकत्रीकरण होऊन हा विभाग जन्मास आला. एकत्र कुटुंबांत नांदावयास आलेल्या सुनांप्रमाणें या गांवांचीं मनें अद्यापि माहेराकडे ओढ घेतात. आमच्या शेजारच्या वृद्ध बाई मूळच्या मिडलटनच्या. रॉचडेलमध्यें कित्येक वर्षें राहूनहि "आमच्या गांवीं" म्हणतांना त्यांचें बोट मिडलटनकडेच वळे.

नगरसभेचे सभासद ६०. प्रभाग २०, प्रत्येकाचे तीन प्रतिनिधि. चार वर्षांपैकीं तीन वर्षें दरसाल एकतृतीयांश सभासदांची निवडणूक होते. गळ्यांत सोन्याची साखळी घालून समारंभांत मिरवणारा मेयर हा शोभेचा धनी. खरी सत्ता बहुमतवाल्या पक्षाच्या पुढाऱ्याच्या व त्याच्या मंत्रिमंडळाच्या हातीं. या सभेच्यावर सन १९७४ मध्यें सबंध मॅंचेस्टर परिसराची एक मोठी सभा होती. ती सन १९८६ मध्यें मोडण्यांत आली. पुढें दहा विभागांना मिळून कांहीं कामें करावयाचीच आहेत हें ध्यानांत आल्यावर सन २०११ मध्यें संयुक्त मंडळ निघालें आणि सन २०१७ पासून त्यावर लोकांनीं थेट निवडलेला मेयर आला. आम्ही तेथें असतांनाच, मार्च २०२४ मध्यें, रॉचडेलच्या मोटारबसगाड्यांचें नियंत्रण या संयुक्त मंडळाकडे आलें. सुमारें चार दशकें खासगी कंपन्यांच्या मर्जीनें धांवलेल्या गाड्या पिवळा रंग लेवून पुनः सार्वजनिक सत्तेखालीं आल्या. मोडावें, पस्तावावें आणि पुनः जोडावें, ही राजनीति केवळ आपल्याकडेच चालते असें नाहीं!

घरपट्टीची मौज तर ऐकण्यासारखी आहे. सन १९९३ पासून चालू असलेली ही पट्टी घराच्या सन १९९१ मधील किंमतीवर बसते. काल बांधलेल्या घराचीहि सन १९९१ मध्यें काय किंमत आली असती, याचा अंदाज बांधून त्याची प्रतवारी ठरवितात. जन्मापूर्वींची जन्मपत्रिका मांडणारे ज्योतिषी आम्हीं प्रथम तेथेंच पाहिले. परंतु पैसा जातो कोठें हें पाहिल्यावर आमची थट्टा ओसरली. रस्ते, दिवे, कचरा, ग्रंथालयें हें लोकांच्या डोळ्यांना दिसणारें काम. पण खर्चाचा सर्वांत मोठा वांटा निराधार मुलें आणि परस्वाधीन झालेले वृद्ध व अपंग यांच्या सांभाळावर जातो. आपल्याकडे जें कर्तव्य सून, भावजय किंवा विधवा आत्या मुकाट्यानें करीत आली, तें तेथें नगरसभेच्या खातेवहींत चढलें आहे. यावरून त्यांना निर्दय म्हणावें कीं आपल्या घरांतील त्या बायकांच्या श्रमाची किंमत आपण कधीं मांडलीच नाहीं असें म्हणावें, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

आमचे तीर्थरूप लालबागेंतील एका गिरणींत कारकून होते. त्यामुळें रॉचडेलच्या ओस धुरांड्यांकडे आम्हांस परक्याच्या नजरेनें पाहवेना. मुंबईचें आणि या गांवाचें नातें तर त्याहूनहि जुनें आहे. सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी सुरू होऊन तिकडील कापूस थांबला, तेव्हां लॅंकेशायरच्या गिरण्या बंद पडून मजूर उपाशी मरूं लागले, आणि त्याच चार वर्षांत आपल्या कापसाला सोन्याचा भाव येऊन मुंबईंत पैशाचा पूर आला. सन १८६५ मध्यें युद्ध संपलें, भाव कोसळले आणि मुंबईचे कित्येक धनिक एका रात्रींत भिकेस लागले. एका गांवाचा दुष्काळ तोच दुसऱ्या गांवाचा सुकाळ होता. रॉचडेलजवळच्या माळावर त्या उपासमारीच्या दिवसांत मजुरांकडून बांधून घेतलेला दगडी रस्ता अद्यापि दाखवितात. त्यावरून चालतांना आमच्या मनांत आलें कीं, यांतील कांहीं दगडांचें ऋण मुंबईवरहि असावें.

याच गांवीं २१ डिसेंबर १८४४ रोजीं संध्याकाळीं, टोड लेन नांवाच्या गल्लींत, एक लहानसें दुकान उघडलें. भांडवल २८ पौंड. माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओटचें पीठ आणि मेणबत्त्या. प्रत्येकानें आठवड्याला दोन-तीन पेन्स सांठवून हें भांडवल उभें केलें होतें. त्यांचे नियम मोठे शहाणपणाचे होते: माल निर्भेळ व मापांत पुरा असावा, उधारी नसावी, भाग कितीहि असोत प्रत्येक सभासदास मत एकच असावें, आणि नफा खरेदीच्या प्रमाणांत वांटावा. स्त्रियांनाहि सभासद होतां येई. ज्या काळीं पार्लमेंटच्या निवडणुकींत स्त्रीला मत नव्हतें, त्या काळीं या किराणा दुकानांत तें होतें! पुढें नफ्याचा कांहीं अंश शिक्षणासाठीं राखून ठेवण्यांत येऊं लागला. हें बीज आपल्याकडेहि रुजलें. सन १९०४ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्या निघाल्या. सन १९४८ मध्यें मुंबईच्या नायगांवांत गिरणीकामगारांचें ग्राहक भांडार उघडलें. आणि प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. टोड लेनमधील तें दुकान आज संग्रहालय आहे. त्याच्या दारांत उभे असतांना आम्हांस आमच्या मातोश्रींच्या हातांतील भांडाराची पिशवी आठवली.

परंतु वाचकहो, गांव पूर्वपुण्याईवर जगत नाहीं. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागीं हमरस्त्यालगत प्रचंड गुदामें आलीं. धागा काढणाऱ्यांचे नातू आतां खोकीं उचलतात. तेथील दारिद्र्याची गणना इंग्लंडांतील अधिक तीव्र दारिद्र्यांत होते. सन २०१२ मध्यें नगरसभेचीं भाड्याचीं घरें एका संस्थेकडे देण्यांत आलीं. ती भाडेकरू व कर्मचारी यांच्या सामाईक मालकीची, म्हणजे टोड लेनच्या परंपरेंतलीच. आणि त्याच संस्थेच्या एका घरांत, डिसेंबर २०२० मध्यें, बाहेरदेशांतून आलेल्या एका कुटुंबाचें दोन वर्षांचें मूल दगावलें. भिंतींना बुरशी आली होती. आईबापांनीं तक्रार केली होती. ती कोणीं मनावर घेतली नाहीं. बुरशीच्या सहवासामुळेंच मृत्यु ओढवला, असा निर्णय सन २०२२ मध्यें चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें दिला, आणि सन २०२३ मध्यें पार्लमेंटनें भाड्याच्या घरांसंबंधीं जो कायदा केला, त्यांतील एक तरतूद त्या बाळाच्या नांवानें ओळखली जाते. संस्था कितीहि सामाईक असो, तक्रार ऐकणारा कान नसेल तर तिचा धर्म बुडालाच.

ही हकीकत आम्हीं तेथें ऐकली, तेव्हां आमचें लक्ष सहजच नातवाच्या खोलीकडे गेलें. उत्तरेकडील भिंतीच्या कोपऱ्यांत काळसर डाग होता. कन्या दर आठवड्यास तो पुशी आणि दर आठवड्यास तो परत येई. घरमालकास एकदां सांगून झालें होतें. "बाबा, परक्या मुलखांत जास्त बोलून कसें चालेल? आम्ही येथें किती वर्षें राहणार, याचाच पत्ता नाहीं," असें ती म्हणाली. मतदारयादींत नांव नोंदविण्याविषयीं नगरसभेचें पत्रहि याच कारणास्तव टेबलाच्या खणांत पडून होतें. राष्ट्रकुलांतील नागरिक तेथें कायदेशीर वास्तव्य करीत असेल तर त्याला मताचा अधिकार असतो, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हीं तिला एवढेंच विचारलें, "तूं पट्टी भरतेस ना? मूल याच भिंतीआड निजतें ना? मग हा मुलूख परका कोणाला?" ती कांहीं बोलली नाहीं. तिच्या मातोश्रींनीं मात्र तें पत्र खणांतून काढून चहाच्या पेल्याखालीं ठेवलें.

एप्रिलच्या मध्यापूर्वीं नांव नोंदलें गेलें. तिनें नगरसभेच्या घरखात्यासहि लिहिलें. एक अधिकारी येऊन भिंत पाहून गेला, आणि त्यानंतर घरमालकानें छपराचें गळतें पन्हाळ बदलून भिंतीचें काम हातीं घेतलें. दोन मे रोजीं कन्या आपला हिंदुस्थानचा पासपोर्ट ओळखीसाठीं घेऊन मतदानास गेली. मत कोणास दिलें हें आम्हीं विचारलें नाहीं, आणि तिनेंहि सांगितलें नाहीं. परत येतांना ती सन १८७१ मध्यें बांधलेल्या त्या भव्य नगरमंदिरावरून आम्हांस घेऊन आली. कित्येक वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर तें नुकतेंच, मार्चमध्यें, उघडलें होतें. गिरणीच्या पैशानें उभारलेली ती इमारत गिरण्यांहून अधिक टिकली. आणि आंतील सभेंत कोणीं बसावें हें ठरविण्यांत आतां दादरच्या एका मुलीचाहि वांटा होता.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज परमुलखांत संसार मांडून आहेत. त्यांना आपण मेतकूट पाठवितों, दिवाळीचा फराळ पाठवितों, कुलदैवताचा अंगारा पाठवितों. त्या पुडक्यांत एक चिठीहि असावी कीं, ज्या गांवचें पाणी पितां त्या गांवच्या सभेचे सभासद कोण, पट्टी किती आणि ती कोठें खर्च होते, हें विचारून ठेवा. आणि भिंतीला ओल आली तर तें मोठ्यानें सांगा. बिऱ्हाड दोन वर्षांचें असो कीं दोन पिढ्यांचें, त्यांत निजणारें मूल मात्र पाहुणें नसतें.