शिधा आणि शिधापत्रिका

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर आंबा उतरायला आला होता आणि वीटभट्ट्यांचा हंगाम ऐन भरात होता. हे दोन्ही हंगाम ज्या हातांवर चालतात, ते कातकऱ्यांचे हात एका दिवसात रिकामे झाले. मुरुड तालुक्यातील आमच्या गावामागे, फणसाडच्या जंगलाच्या अंगाला, त्यांची एक वाडी आहे. भट्टीवर गेलेली कुटुंबे एप्रिलच्या सुरुवातीला डोक्यावर बोचकी घेऊन चालत परतली. भट्टीचा हिशेब पावसाच्या तोंडाशी होतो. दिवाळीनंतर घेतलेली उचल अंगावर आणि गाठीला काही नाही, अशी त्यांची अवस्था होती.

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. शाळा बंद असली तरी घरोघरच्या पाहणीचे काम आमच्याकडे होते, म्हणून वाडीत जाणे झाले. बहुतेक चुली थंड होत्या. एका झोपडीत कडूकांद उकडत ठेवले होते. ते पुन्हा पुन्हा उकडून पाणी टाकावे लागते, तेव्हा कुठे त्यांचा कडूपणा जातो.

खैरापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी. आमच्या किनाऱ्याची सुपारी आणि त्यांचा कात पिढ्यान्‌पिढ्या एकाच पानात पडत आला. पुढे जंगल सरकारी झाले आणि कातही सुटला. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती सर्वांत दुर्बल म्हणून नोंदवल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत कातकरी आहेत.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. माणशी महिन्याला ५ किलो मोफत धान्याची घोषणा २६ मार्चलाच झाली होती. पण ते धान्य शिधापत्रिकेवर मिळणार होते. वाडीत कुणाचे नाव अजून बापाच्या कार्डावर, कुणाचे कार्ड सासरच्या गावी, आणि कित्येकांकडे कार्डच नाही. वर्षातले सहा-सात महिने जे घर भट्टीवर असते, त्याचा पत्ता कागदावर यायचा कसा? दुकानदार म्हणायचा, “नाव नाही, तर धान्य नाही.” भूक मात्र नाव विचारून लागत नाही.

रमजान तोंडावर होता. जमातीत विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता, मसल्याचा होता. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. एका बुजुर्गांनी स्पष्ट सांगितले, “जकात आणि फितरा आपल्यातल्याच हकदारांचा. त्याला हात लावायचा नाही.” एक तरुण उसळून म्हणाला, “चाचा, भुकेला काय मजहब असतो?” दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. सदका आणि लिल्लाह कुणाही गरजूला देता येतो, यावर कुणाचे दुमत नव्हते. मग दोन वह्या केल्या. जकातीच्या वहीत मोहल्ल्यातल्या विधवा आणि काम गेलेले रिक्षावाले. दुसऱ्या वहीत वाडी. मशिदी बंद असल्याने इफ्तारीचे पैसे शिल्लक होते, ते दुसऱ्या वहीत आले. आखातातल्या मुलांनी, स्वतःची कामे बंद असताना, पैसे पाठवले. आम्हा शिक्षकांचा मार्चचा पगार ७५ टक्केच झाला होता. त्यातूनही प्रत्येकाने काही दिले.

दुसरी भीती वेगळी होती. निजामुद्दीनच्या बातम्यांनंतर दाढी-टोपीकडे लोक रोगाकडे पाहावे तसे पाहत होते. “आपण वाटायला जाऊ, आणि उद्या तिथे कुणी आजारी पडले तर?” हा प्रश्न मोहल्ल्यात उघडपणे विचारला गेला. (तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले, पण एप्रिलमध्ये हे कुणाला ठाऊक होते?) शेवटी ठरले, की पोलीस पाटील आणि आशाताई यांच्यासमोर वाडीच्या तोंडाशी शिधा ठेवायचा. फोटो काढायचा नाही.

खरेदीआधी वाडीतल्या बायांना विचारले. एक मावशी म्हणाली, “गव्हाचं पीठ नको, गुरजी. तांदूळ वाढवा. तेल, मीठ, मिरची, नि जमला तर जवळा.” आमच्यापैकी एकाने चाचरत विचारले, “आमच्या हातचे घ्यायला कुणाची हरकत नाही ना?” ती हसली. “आमाला बी गावात चोर म्हंतात. तुमी तांदूळ आना.” यादी तिच्या सांगण्याप्रमाणे झाली.

२५ मे रोजी ईद साधीच झाली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची कौले-पत्रे उडाले. कालचे देणारे आज स्वतः ताडपत्रीच्या रांगेत उभे होते. वाडीतले पुरुष कोयते-कुऱ्हाडी घेऊन खाली उतरले. बागांतली झाडे तोडण्याची मजुरी त्यांनी घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. पण मोहल्ल्यातल्या दोन विधवांच्या घरांवर पडलेले माड काढले, त्याचे पैसे मात्र नाकारले. त्या दोघींची नावे जकातीच्या वहीत होती, हे त्यांना माहीतही नव्हते.

शिधा पंधरा दिवस पुरतो. म्हणून आम्ही पावसाळ्यात अर्ज लिहायला बसलो: आधार, जातीचा दाखला, कार्डातले नाव वेगळे करणे. अर्ज लिहिणे ही शिक्षकाला जमणारी गोष्ट आहे. त्याच वर्षी राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांना ४००० रुपयांची खावटी जाहीर केली, निम्मी रोख आणि निम्मी वस्तूंच्या रूपात. रोख बँक खात्यात येणार, म्हणजे पुन्हा कागद. काही कार्डे मिळाली, काही अर्ज अडकले. आजही अन्नसुरक्षेचे धान्य मोफत आहे, पण कार्डावरच.

सदका देणाऱ्या हातांची आपल्या समाजात वाण नाही. वाचकहो, यंदा रमजानमध्ये शिधा द्याल, तेव्हा घेणाऱ्याला एवढे जरूर विचारा, “तुमचे कार्ड आहे का?” नसेल, तर त्याच्यासोबत एकदा तहसील कचेरीत जा. तांदळाची गोणी उचलण्यापेक्षा हे काम जड आहे, कारण त्यात खेपा फार होतात. पण एकदा कार्ड झाले, की त्या घराला आपल्या वहीत नाव लिहून घ्यावे लागत नाही.