शहर माझं, शिवार त्यांचं

युद्ध जिंकलं की जमीन आपली. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकानं हाच फंडा शिकवला ना आपल्याला? लढाई, तह, नकाशात नवा रंग, धडा संपला, खाली स्वाध्याय. 'सिव्हिलायझेशन ४' मात्र हे ऐकूनच घेत नाही.

सिड मायरची ही मालिका १९९१ पासून चालू आहे आणि २०२५ मध्ये तिचा सातवा भागही येऊन गेला. पण माझ्या लॅपटॉपवर अजून २००५ चा चौथा भागच ठाण मांडून आहे. फ्रीलान्सिंगमध्ये दोन डेडलाइन्सच्या मधली रात्र नावाचा एक प्रकार असतो. ती रात्र या गेमसाठीच बनलेली आहे.

तर यातल्या सीमांचा मामला सांगते. नकाशातल्या प्रत्येक चौकोनाचा जणू एक सातबारा असतो. आजूबाजूच्या शहरांतून दर टर्नला थोडं थोडं 'कल्चर' झिरपतं आणि त्या सातबाऱ्यावर चढत जातं. ज्यांच्या शहराचा प्रभाव तिथवर पोहोचतो, त्यांच्यात ज्याची नोंद जास्त, त्याचा तो चौकोन. आता तुम्ही सैन्य घेऊन शहर घेतलंत. शहराचा स्वतःचा चौकोन तुमचा, त्यावर वाद नाही. पण भोवतालच्या शेतांच्या नोंदी? त्या जशाच्या तशा. शेजारचं शत्रूचं शहर शाबूत असेल आणि त्याचा पल्ला तिथवर येत असेल, तर शेत त्याचंच राहतं.

गेल्या महिन्यात मी भारत घेऊन खेळत होते आणि समोर फ्रान्सचा लुई चौदावा. हा बाबा 'क्रिएटिव्ह', म्हणजे त्याचं प्रत्येक शहर काहीही न बांधता दर टर्नला २ कल्चर पॉइंट देतं. कॅटापुल्ट आणि हत्ती लावून मी ऑर्लिअन्स घेतलं. आधी काही टर्न शहरात नुसतं बंड. काम बंद, पैसा बंद. ते शमलं तेव्हा कळलं की गव्हाचं शेत पॅरिसच्या ताब्यात, लोखंडाची खाणही पॅरिसच्याच ताब्यात. लोक माझे, आणि खायला काही नाही. लोकसंख्या टर्नागणिक घटायला लागली, वर शहराचा देखभालखर्च माझ्या तिजोरीतून! या जिंकलेल्या शहरात आपलं कल्चर शून्यापासून सुरू होतं. नॉर्मल स्पीडवर पहिला विस्तार १० पॉइंटांना, पुढचा १०० ला, त्यानंतरचा ५०० ला. लायब्ररी दर टर्नला २ पॉइंट देते, थिएटर ३. करा हिशेब. शिवाय सीमा नुसती पसरून भागत नाही, सातबाऱ्यावर पॅरिसला मागेही टाकावं लागतं.

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे शहराच्या स्क्रीनवरचे ते रागावलेले चेहरे. त्यांवर माउस नेला की कारण दिसतं. आम्हाला आमच्या मायदेशात परत जायचंय, असं ते म्हणतात. त्या मायदेशाशी युद्ध चालू असेल तर राग आणखी वाढतो.

माझी रूममेट सॉफ्टवेअरवाली. तिनं चहाचा कप टेबलावर ठेवत दोन वाक्यांत निकाल लावला. "पॅरिस घे. मग बाकीचं सगळं घे, फ्रान्सच संपव."

तिचं बरोबर आहे, हीच तर गोची आहे. पॅरिस घेतलं की त्याचा पल्ला संपतो आणि गहू-लोखंड माझ्या रंगात येतं. पण मग पॅरिसच्या शेतांवर तूरचा दावा असतो, तूर घेतलं की आणखी कुणाचा. एका शहरासाठी सुरू केलेली लढाई अशी आपोआप लांबत जाते. आणि फ्रान्सचं शेवटचं शहर पडलं की गेम त्यांच्या नोंदी मोजायचंच बंद करतो. मायदेशच उरला नाही, त्यामुळे मायदेशासाठी रडणंही बंद. रागावलेले चेहरे एका टर्नमध्ये शांत. गेम याला कुठेही वाईट म्हणत नाही. नुसतं गणित आहे ते, आणि म्हणूनच मला ते कुठल्याही रक्तबंबाळ शूटिंग गेमपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

पुढच्या भागांनी हा गुंता बदलला. २०१० च्या पाचव्या भागात शहर घेतलं की त्याच्या नावावरची जमीन सोबतच येते. रेडी पझेशन फ्लॅटसारखं. सोयीचं आहे, पण मजा गेली. सहाव्या भागात २०१८ च्या 'राइज अँड फॉल'नं 'लॉयल्टी' आणली. आसपासच्या शहरांतल्या माणसांचा दबाव पडून ती शून्यावर आली की शहर तुम्हाला सोडून स्वतंत्र होतं. कल्पना छान आहे, फक्त तिथं सगळं मीटरवर दिसतं. चौथ्या भागात ते शेतात दिसतं.

मी पॅरिसवर गेले नाही. कॅटापुल्ट वेशीबाहेर उभे होते, तरी नाही. लुईशी तह केला आणि काही टर्न थिएटर बांधून बघितलं. गव्हाचा चौकोन काही हलला नाही. 'बियाँड द स्वोर्ड' या २००७ च्या एक्स्पान्शनमध्ये शहर मूळ मालकाला परत करायची सोय आहे, ती मी वापरली. ऑर्लिअन्स क्षणात फ्रान्सचं झालं, थिएटरसकट.

"मग घेतलंस कशाला?" रूममेट म्हणाली.

मी गेम सेव्ह केला. पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि बाराशे शब्द द्यायचे बाकी होते.