विजोड

परवा कात्रजच्या बाह्यवळणावर वाहतूक खोळंबली होती. कडेला एक चौदा टायरी ट्रक जॅकवर चढवलेला. चालक आणि क्लीनर काढलेल्या चाकाला लागून दुसरे चाक उभे करून दोन्हींची उंची नजरेने जोखत होते. दोन बोटांचा तरी फरक असावा. क्लीनरने मान हलवली. चालकाने पाना उचलला. इतक्यात आमची रांग सरकली. पुढचे मी पाहिले नाही, पण घरी पोहोचेपर्यंत एका जुन्या सुतळीचे टोक तळहाताला टोचत राहिले.

२००४च्या मे महिन्यात, एम.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी मामाच्या ट्रकमधून पुण्याहून कऱ्हाडला निघालो होतो. दहा टायरी गाडी, तीत लोखंडी सळ्या. पुढे दोन चाके, मागच्या दोन आसांवर चार-चार. मागची चाके जोडीने एकमेकांना आवळलेली असतात. एकाने फेरी घेतली की दुसऱ्याला घ्यावीच लागते. शिरवळच्या अलीकडे बाहेरच्या एका टायरची भिंतच चिरली. मामाने स्टेपनी उतरवली. गाडीचे टायर हजार-वीस मापाचे, स्टेपनी मात्र नऊशे-वीस, कुठल्याशा लहान गाडीची. दोन्ही मापे वीस इंची रिमवर चढतात, म्हणून ती बसत होती. बसली नसती तर प्रश्नच मिटला असता.

मामाने जोडीतल्या टायरचा आणि स्टेपनीचा घेर सुतळीने मोजला. दुसरे टोक मी धरले होते. अर्धी वीत सुतळी उरली.

हिशेब अवघड नाही. फेरीमागे दहा-अकरा सेंटिमीटरांचा फरक. असे चाक किलोमीटरला सुमारे तीनशे फेऱ्या घेते. म्हणजे दर किलोमीटरला तीसेक मीटर ही जोडी चालत नाही, रस्त्यावर फरफटते. फरफटीहून वाईट गोष्ट भाराची. उंच टायर जोडीचा बहुतेक भार एकटा घेतो. त्याच्या भिंती अधिक दबतात, दर फेरीत वाकतात आणि सरळ होतात, तापतात. आतले थर सुटू लागतात. लहानग्यावर त्या मानाने ओझेच नसते. (माप जुळले म्हणून जोडी जुळते, असेही नाही. नायलॉन आणि रेडियल टायर एका मापाचे असले तरी एका आसावर घालू नयेत, कारण ओझ्याखाली दोघांचे दबणे निराळे. ‘विजोड’ हा शब्द आपण लग्नांपुरता उगाच राखून ठेवला आहे.)

“ह्यो फुटायचा न्हाई,” स्टेपनीवर टॉमी आपटून आवाज ऐकत मामा म्हणाला, “फुटलाच तर शेजारचा चांगला फुटंल.”

मग बसवायचा कशाला, असे मी विचारले. सळ्या रात्रीपर्यंत पोहोचवायच्या होत्या आणि नव्या टायरला पैसे नव्हते. “सावकाश जाऊ,” एवढेच तो म्हणाला.

खंबाटकी आम्ही बैलगाडीच्या चालीने चढलो. काही झाले नाही. घाट उतरून वेळे गावाजवळ आलो, मामाने वेग जरासा वाढवला, आणि दोन महिन्यांपूर्वी घेतलेला आतला टायर फुटला. रबराचा एक लांब पट्टा उडून मागच्या मोटारसायकलवर गेला. दूधवाला होता. मनगट मोडले; किटल्या उलटून डांबरावर दूध पसरले. मामाने एक जीप थांबवून त्याला वाईला दवाखान्यात नेले, खर्च दिला. पोलिसांना आणि घरच्यांना त्याने सांगितले, की टायर तापून फुटला. मे महिन्याची दुपार. कुणाला शंका आली नाही. आणि वाक्य खोटे नव्हतेच.

‘स्टेपनी’ शब्दाचे मूळ मी नंतर शोधले. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. मोटारींना जादा चाक देण्याची पद्धत नव्हती तेव्हा, १९०४ मध्ये, तिथल्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेले, टायर चढवलेले एक कडे बनवले. ते पंक्चर झालेल्या चाकालाच आवळायचे आणि गाडी कशीबशी घरी न्यायची. ब्रिटनमध्ये शब्द जवळजवळ विसरला गेला. आपल्याकडे तो ट्रकच्या पोटाखालून थेट शिक्षक-खोलीत आला. तासिका तत्त्वावर शिकवत असताना एका महाविद्यालयात मला ‘मराठी विभागाची स्टेपनी’ म्हणत. रजेवर गेलेल्या कोणाचाही तास माझ्याकडे. राग येई. पण विभागात पूर्णवेळ प्राध्यापक एकच होते. प्रवेश, परीक्षा, मूल्यांकनाच्या फायली, सगळे त्यांच्यावर. तास संपला की मी बस पकडून दुसऱ्या महाविद्यालयात जात असे. त्यांचा रक्तदाब बळावल्याचे कळले त्या दिवशी मामाचे वाक्य आठवले. उपमा चपखल बसत होती, आणि म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास बसेना.

मामाने २०११ मध्ये ट्रक विकला. त्या दूधवाल्याकडे तो नंतर दोनदा जाऊन आला होता, हे मला मामीकडून कळले. मला त्याने बोलावले नाही, मीही कधी विषय काढला नाही. घरात तो प्रसंग आजही ‘उन्हाने टायर फुटला’ असाच सांगितला जातो. मी तिथे असलो तर सांगताना मामा माझ्याकडे पाहत नाही.